नाकातला स्टेरॉइड स्प्रे: दापोलीच्या दमट हवेत वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. फ्लुटिकासोन फ्युरोएट नावाचा नाकात मारायचा स्प्रे मी वापरते, आणि अ‍ॅलर्जीच्या सर्दीसाठी आजवर जे जे केलं त्यात सगळ्यात जास्त फरक मला ह्यानेच पडला. पाचात साडेचार. अर्धा मार्क कापलाय तो औषधाचा नाही, ते कसं वापरायचं हे विकताना कुणी सांगत नाही त्याचा. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हेच औषध बऱ्याच कंपन्या काढतात, तुमच्या गावच्या मेडिकलमध्ये वेगळीच मिळेल. बाटलीवर बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं ते वाचा.

आम्ही दापोली तालुक्यात समुद्राच्या बाजूला राहतो, घराला लागून पाहुण्यांसाठी खोल्या आहेत, त्यामुळे माझा दिवस चादरी, अभ्रे, गाद्या, उशा ह्यातच जातो. आणि माझ्या नाकाचं मूळ दुखणं तिथेच होतं हे कळायला बरीच वर्षं गेली, कारण आमच्याकडे एखाद्याला सारखी सर्दी असली की "तिचा सर्दीचा कोठाच आहे" म्हणतात आणि विषय तिथे संपतो. मग वेखंड उगाळून कपाळाला लावा, ओव्याची पुरचुंडी शेका, निलगिरीच्या तेलाचा वाफारा घ्या. सासूबाई हे सगळं फार मायेने करतात आणि वाफाऱ्याने दहा मिनिटं मोकळं वाटतंही, पण आतली अ‍ॅलर्जी आहे तिथेच राहते.

साधं पडसं आणि हे, ह्यातला फरक आधी नीट समजून घ्या, कारण निम्मी गडबड इथेच होते. पडसं व्हायरसने होतं, घसा धरतो, अंग मोडून येतं, कधी ताप, घरात एकाला झालं की दुसऱ्याला लागतं, आणि आठवडा दहा दिवसात उतरतं. अ‍ॅलर्जीच्या सर्दीत ताप नसतो. सकाळी उठल्या उठल्या एकामागून एक शिंका, नाकातून पाण्यासारखं पातळ गळणं, आणि खाज, नाकात, टाळूला, कानाच्या आत, डोळ्यांना. ही खाज फार महत्त्वाची खूण आहे, पडशात ती सहसा नसते. रात्री आडवं झालं की एक नाकपुडी बंद, कूस बदलली की दुसरी बंद, मग तोंड उघडं ठेवून झोपायचं आणि सकाळी घसा कोरडा ठणठणीत. लहान मुलं तळहाताने नाक खालून वर चोळत असतात बघा, त्याने नाकाच्या मधोमध आडवी रेघ पडते, डोळ्यांखाली काळसर होतं. आपण म्हणतो पोर झोपत नाही नीट, मोबाईल बघतंय. नाक बंद असेल तर झोपणार कसं ते?

आत काय होतं ते मला डॉक्टरांनी समजावलं तसं सांगते. आपलं शरीर धुळीतल्या एखाद्या निरुपद्रवी गोष्टीला शत्रू धरतं आणि तिच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं बनवतं. ती नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुन्हा ती गोष्ट नाकात गेली की त्या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन सोडतात, ते अगदी काही मिनिटांत, म्हणून शिंका, खाज, पाणी. पण गोष्ट तिथे थांबत नाही, काही तासांनी दुसरी लाट येते, इओसिनोफिल आणि इतर पेशी तिथे गोळा होतात, अस्तर सुजतं आणि नाक चोंदलेलं राहतं. आपण जी सेटिरिझिन किंवा तसली गोळी घेतो ती हिस्टामिनला अडवते, त्यामुळे शिंका आणि खाज थांबते पण चोंदलेलं नाक तसंच. सुजेवर काम करतो तो हा स्प्रे. एवढं डोक्यात शिरलं की मग कुठलं औषध का देतात ते सगळं उलगडतं.

आता कोकणात हे एवढं का, तर दमटपणा. घरातल्या धुळीत माइट म्हणून बारीक किडे असतात, अष्टपाद, गोचिडीच्या कुळातले, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे, डोळ्याला दिसत नाहीत. चावत नाहीत, आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतात, आणि पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा अंगात घेतात. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांखाली राहिली तर ते सुकून मरतात. आपल्याकडे पन्नास टक्के कधी असतं सांगा? जून ते सप्टेंबर साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, चार महिने कपडे वाळत नाहीत, जांभ्याच्या भिंतीला हात लावला तर ओल लागते, कपाटातल्या पिशवीला, चपलेला, फोटोच्या मागे बुरशी. बुरशीचे कण म्हणजे अ‍ॅलर्जीचं दुसरं मोठं कारण. झुरळांचंही आहे. त्यात कापसाच्या गाद्या, वाकळी, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या ज्या माळ्यावर ठेवलेल्या असतात आणि पाहुणे आले की खाली काढून झटकल्या जातात. अ‍ॅलर्जी माइटच्या विष्ठेतल्या प्रथिनाची असते जास्त करून, आणि ती झटकताना थेट नाकात जाते.

गणपतीला हे फार दिसतं. मुंबईचे चाकरमानी येतात, वर्षभर बंद असलेलं घर उघडतात, दोन दिवसांत साफसफाई, जळमटं, माळा, मग आरास, मग दिवसभर अगरबत्ती आणि धूप, आणि तिसऱ्या दिवशी आरतीला अर्धं घर शिंकत असतं. सगळे म्हणतात गावचं पाणी बाधलं. पाण्याने शिंका येत नाहीत हो! भात झोडायच्या दिवसात धूळ, मार्च एप्रिलमध्ये राब भाजतात त्याचा धूर, ते आणखी वेगळं. धूर आणि उग्र वास ही अ‍ॅलर्जी नसते पण आधीच सुजलेल्या नाकाला ते चिडवतात. आणि एक, आंब्याच्या मोहोरावर सगळे खापर फोडतात, पण मोहोराचे परागकण मुख्यत्वे माश्या-कीटक नेतात, ते चिकट आणि जड असतात, लांब उडत नाहीत. वाऱ्याने उडणारे पराग गवताचे, सुरूचे, माडाचे. किनाऱ्यावर सुरूची बनं केवढी आहेत आपल्याकडे. मोहोराच्या वेळी बागेत फवारणी चालते तिचा वास सहन होत नाही, ते मात्र खरं आहे.

निदानाबद्दल. मी चिपळूणला एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी औषध लिहायच्या आधी बसवून प्रश्न विचारले. कधी जास्त होतं, सकाळी की रात्री, घरात की बाहेर, गाव सोडून गेलात की काय होतं, घरात कुणाला दमा, इसब आहे का, छातीत शिट्टी वाजते का, वास येतो का. मी म्हटलं पाहुण्यांच्या खोल्या आवरताना जास्त होतं, आणि मे महिन्यात देशावर बहिणीकडे गेले की बरं असतं. ते म्हणाले, "ताई, अर्धं निदान तुम्हीच केलंत." मग दुर्बिणीने नाक बघितलं. अस्तर फिकट निळसर आणि फुगलेलं होतं, ते अ‍ॅलर्जीत दिसतं तसं, मधला पडदा थोडा वाकडा होता पण त्याचं काही करायची गरज नाही म्हणाले. हे मला फार आवडलं, कारण पडदा वाकडा पुष्कळ लोकांचा असतो आणि तेवढ्यावरून ऑपरेशनला धावायचं नसतं, ऑपरेशनने अ‍ॅलर्जी जात नाही.

आठवड्यातून चार किंवा जास्त दिवस आणि सलग चार आठवडे किंवा जास्त त्रास असेल तर तो सततचा प्रकार धरतात, आणि झोप मोडत असेल, कामात लक्ष लागत नसेल तर मध्यम ते तीव्र. माझं दोन्हीत बसत होतं. अशा वेळी पहिलं औषध स्प्रेच, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

स्किन प्रिक टेस्ट नंतर केली, सगळ्यांना लागतेच असं नाही, औषधाने फरक पडत नसेल किंवा पुढे इम्युनोथेरपी (शरीराला अ‍ॅलर्जीच्या गोष्टीची सवय लावायचा उपचार, खाली लिहिलाय) करायची असेल तर करतात. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा करतात, प्रत्येक खुणेवर एकेका अ‍ॅलर्जनचा, म्हणजे अ‍ॅलर्जी आणणाऱ्या गोष्टीचा थेंब, आणि त्या थेंबातून सुईच्या टोकाने कातडीला हलकं टोचायचं. रक्त येत नाही, दुखत नाही, खाज मात्र येते आणि खाजवायचं नाही हाच काय तो त्रास. दोन थेंब तपासणीचे असतात, एक हिस्टामिनचा, तो फुगलाच पाहिजे, आणि एक सलाइनचा, तो फुगायला नको. पंधरा वीस मिनिटांनी पट्टीने मोजतात, सलाइनपेक्षा तीन मिलिमीटरने मोठी गांधी आली की पॉझिटिव्ह. माझ्या हातावर धुळीच्या माइटच्या दोन गांधी चांगल्या टम्म आल्या. टेस्टच्या आधी आठवडाभर अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात नाहीतर काहीच उठत नाही, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारून घ्या, नाहीतर एवढ्या लांबून एसटीने जाऊन परत यावं लागेल. नाकातला स्प्रे चालतो. ब्लडप्रेशरची बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर आधी सांगा.

आणि इथे एक गोष्ट तळमळीने सांगायची आहे. हल्ली रक्ताच्या "फुल अ‍ॅलर्जी पॅनल"चं पेव फुटलंय, शंभर दोनशे पदार्थांची यादी छापून देतात, वांगं लाल, डाळ लाल, मासे लाल, आणि माणसं जेवण सोडतात. त्यातल्या बऱ्याच टेस्ट आयजीजीच्या असतात, आयजीई नाही. आयजीजी म्हणजे तुम्ही तो पदार्थ खाता एवढंच कळतं, त्यावरून अ‍ॅलर्जी ठरत नाही. आमच्या ओळखीत एका वहिनींनी असा कागद बघून वर्षभर मासे बंद केले, कोकणातल्या बाईने, आणि शिंका तशाच. नाकाची अ‍ॅलर्जी मोठ्या माणसांत जवळजवळ नेहमी श्वासातून जाणाऱ्या गोष्टींची असते. कोळंबीचं तर आणखी गमतीशीर आहे, कोळंबीत आणि माइटमध्ये ट्रोपोमायोसिन नावाचं सारखं प्रथिन असतं, त्यामुळे माइटची अ‍ॅलर्जी असलेल्याची कोळंबीची टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते आणि तरी तो कोळंबी मजेत पचवत असतो. खाऊन अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, धाप लागत असेल तर गोष्ट वेगळी, मग डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात खाऊ नका. पण ज्यांना खाऊन काही होत नाही त्यांनी नुसत्या कागदावरून कालवण सोडू नये.

आता स्प्रे. एका फवाऱ्यात साडेसत्तावीस मायक्रोग्रॅम, मोठ्यांना दिवसातून एकदा प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे, म्हणजे दिवसाला एकशे दहा मायक्रोग्रॅम. बाटलीत १२० फवारे असतात, म्हणजे महिना पुरते. त्रास आटोक्यात आला की डॉक्टर प्रत्येकी एका फवाऱ्यावर आणतात, मग तीच बाटली दोन महिने. खर्चाचा हिशोब करताना हे धरा.

स्टेरॉइड म्हटल्यावर घरात लगेच चेहरे पडले. नवरा म्हणाला, "अगं स्टेरॉइड आहे ते, तोंड सुजेल." ही भीती खोटी नाही, पोटातून घ्यायच्या स्टेरॉइडची असते ती, ती गोळी वीस वीस चाळीस चाळीस मिलिग्रॅमने देतात. इथे दिवसाला एका मिलिग्रॅमचा साधारण नववा हिस्सा, तोही नाकाच्या अस्तरावर, आणि जो थोडा घशातून पोटात जातो त्याचा लिव्हर जवळजवळ सगळा निचरा करून टाकतं, रक्तात अर्ध्या टक्क्याच्या आसपासच पोहोचतो. फ्लुटिकासोन प्रोपिओनेट, मोमेटासोन, बुडेसोनाइड हे ह्याचेच भाऊबंद. प्रोपिओनेटच्या काही स्प्रेंना गुलाबासारखा वास असतो, त्यात फेनिलइथाइल अल्कोहोल घालतात त्याचा. ज्यांना वासानेच शिंका येतात त्यांना तो नको वाटतो, मला नको वाटला. फ्युरोएटला वास नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हे औषध लगेच काम करत नाही आणि लोक तिथेच सोडतात. थोडा फरक पहिल्या दिवशी जाणवू शकतो पण पूर्ण गुण यायला एक ते दोन आठवडे लागतात, रोज न चुकता मारला तर. आपल्याला सवय थेंबांची, टाकले की पाच मिनिटात नाक खुलं. तेच मोजमाप लावून लोक तीन दिवसांनी म्हणतात बेकार आहे, पैसे फुकट. त्रास असेल त्या दिवशी मारायचा आणि नसेल त्या दिवशी नाही असंही नाही चालत. मला तर सवय लागावी म्हणून मी सकाळी दात घासल्यावर लगेच मारते. दुसऱ्या आठवड्यात कधीतरी सकाळी उठल्यावर लक्षात आलं की तोंड मिटून झोपले होते. आणि मग वास यायला लागले, तव्यावरच्या बांगड्याचा, पहिल्या पावसाच्या मातीचा, स्वतःच्याच स्वयंपाकातल्या तिरफळाचा. इतकी वर्षं किती गोष्टींची चव अर्धीच कळत होती हे तेव्हा कळलं.

मारायची पद्धत, ज्यासाठी मी अर्धा मार्क कापला. मेडिकलवाला बाटली कागदात गुंडाळून देतो, बस. डॉक्टरांनी मात्र समोर बसून करून दाखवायला लावलं. आधी नाक हलकेच शिंकरून साफ करायचं. बाटली हलवायची. नवीन असेल तर हवेत काही वेळा दाबायचं, फ्युरोएटच्या पत्रकात साधारण सहा वेळा लिहिलेलं असतं, बारीक धुकं यायला लागेपर्यंत. मान मागे टाकायची नाही, उलट थोडी पुढे झुकवायची. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, ह्याने टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. मधल्या पडद्यावर मारायचा नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण पडद्यावर रोज मारलं तर तो कोरडा पडून रक्त येतं. दाबताना हळू श्वास घ्यायचा, फुर्रकन ओढायचं नाही, ओढलं की औषध नाकात न राहता घशात उतरतं. मग टोक पुसून झाकण घट्ट. आमच्या पावसाळ्यात झाकण विसरून चालत नाही, आणि फ्रिजमध्येही ठेवू नका, माझ्या बाटलीवर तसं स्पष्ट लिहिलंय.

तोटे लिहायलाच हवेत. मला मधे थोडं रक्त आलं, शिंकरताना धागा दिसला तेवढाच, हात बदलून दिशा सुधारली आणि राहिलं. तरी आलं तर काही दिवस थांबून डॉक्टरांना दाखवायचं. कोरडेपणा, खपल्या होतात काहींना. वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांनी मधून मधून नाक आतून तपासून घ्यावं, पडद्याला क्वचित भोक पडू शकतं. काचबिंदू, मोतीबिंदू असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगून ठेवा. रिटोनाव्हिर (एचआयव्हीवरच्या उपचारातलं औषध) घेणाऱ्यांनी हा स्प्रे स्वतःहून अजिबात घेऊ नये, ते औषध फ्लुटिकासोनचा निचरा अडवतं. लहान मुलांना डोस कमी असतो आणि उंची बघत राहावी लागते. गरोदर बायकांनी मैत्रिणीचं ऐकून नाही, डॉक्टरांना विचारून ठरवावं, त्या काळात बहुतेक वेळा बुडेसोनाइड निवडतात.

बाकीच्या औषधांचं थोडक्यात. नाक उघडणारे थेंब, झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन, हे तीन ते पाच दिवसांच्या वर नको. रोज घेतले की उतरल्यावर नाक आणखी चोंदतं, मग आणखी थेंब, आणि ह्या फेऱ्यात अडकलेली माणसं मी गावात बघितली आहेत, उशाखाली बाटली असते. त्यांना कुणी व्यसनी म्हणू नका, औषधाचा तो गुणधर्मच आहे, आणि ह्यातून बाहेर काढायला बहुतेक वेळा हाच स्टेरॉइडचा स्प्रे देतात. गोळ्यांमध्ये जुन्या क्लोरफेनिरामाइनने झोप येते, गुंगी राहते, गाडी चालवणाऱ्यांनी, होडीवर जाणाऱ्यांनी, झाडावर चढणाऱ्यांनी ती घेऊ नये. माडावर चढायचंय आणि डोळे जड, विचार करा. सेटिरिझिनने पण काहींना सुस्ती येते, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिनने कमी. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेतलं तर अंगी कमी लागतं, पाण्याबरोबरच घ्या.

मॉन्टेलुकास्ट हे लिव्होसेटिरिझिनबरोबर एकत्र गोळीत सर्रास लिहून देतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियंत्रक संस्थेने, मार्च २०२० मध्ये त्यावर सगळ्यात कडक प्रकारचा इशारा टाकला, मूड बिघडणं, भयानक स्वप्नं, आत्महत्येचे विचार असे परिणाम होऊ शकतात म्हणून, आणि नुसत्या अ‍ॅलर्जीच्या सर्दीसाठी दुसरं काही चालत असेल तर हे टाळा असंही सांगितलं. मुलाला ही गोळी चालू असेल आणि वागणं बदललं असेल तर आधी डॉक्टरांना फोन करा. आणि ते "सर्दीचं इंजेक्शन" जे कुल्ल्यावर देतात आणि महिनाभर नाक मोकळं राहतं, त्यात बहुतेक वेळा टिकाऊ स्टेरॉइड असतं, ते सबंध शरीरात जातं, साखर वाढवतं. गणपतीच्या आधी घेऊन टाकतात लोक. ते नको. कृपा करून विचारा कशाचं इंजेक्शन आहे.

गाद्यांच्या माइट-प्रूफ कव्हरबद्दलही मला विचारतात म्हणून. मी घेतली, घट्ट विणीची, चेनवाली, स्वतःच्या गादीला आणि उशीला. पाचात अडीच. अभ्यासांत असं दिसलंय की नुसत्या कव्हरने माइट कमी होतात पण माणसाचा त्रास फारसा कमी होत नाही, आणि माझाही अनुभव तोच, स्प्रे आणि बाकी सगळ्याबरोबर ठीक. पावसाळ्यात त्यात घाम धरतो. ओलावा शोषणारं मशीन चांगलं असावं, पण आमच्याकडे जोराचा पाऊस आला की लाईट जाते. त्यापेक्षा चादरी अभ्रे आठवड्याला साठ डिग्रीच्या गरम पाण्यात धुणं, म्हणजे हात घालवणार नाही इतकं, आणि ऑक्टोबरच्या उन्हात गाद्या अंगणात दिवसभर टाकणं जास्त कामाचं. उन्हाने माइट सुकून मरतात, पण विष्ठा तशीच राहते, म्हणून नंतर झोडून काढायची, आणि हे काम ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याने करायचं नाही. आता आमच्याकडे ते नवरा करतो, आणि मी खोल्या आवरताना मास्क लावते. माळ्यावरच्या गोधड्या धुऊन वाळवून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केल्या. केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायचं.

जलनेती चांगली, मिठाच्या पाण्याने नाक धुतलं की कण आणि शेंबूड निघून जातो आणि मग स्प्रे नीट लागतो. पण पाणी उकळून गार केलेलंच. विहिरीचं, नळाचं थेट नाही. केरळात गेल्या काही वर्षांत पाण्यातला अमिबा नाकातून शिरून मेंदूज्वर झालेले रुग्ण सापडलेत, पिण्याला चालणारं पाणी नाकाला चालेलच असं नाही. पाव लिटर पाण्याला जेमतेम अर्धा छोटा चमचा मीठ, कोमट, आणि भांडं रोज धुऊन सुकवायचं.

इम्युनोथेरपी, म्हणजे ज्याची अ‍ॅलर्जी आहे तेच थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावायची, इंजेक्शनने किंवा जिभेखाली थेंब. ही पद्धत १९११ पासूनची आहे आणि मुळावर काम करणारा उपाय तोच एक म्हणतात. पण तीन ते पाच वर्षं चालते, इंजेक्शन घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यात थांबावं लागतं कारण क्वचित जोरदार रिअ‍ॅक्शन येते. गावातून दर वेळी जाणं आम्हाला जमणारं नाही आणि स्प्रेवर माझं भागतंय, म्हणून मी नाही घेतली. शहरात राहणाऱ्या आणि स्प्रेने न भागणाऱ्या माणसाने जरूर विचारावं.

कुणी स्वतःच्या मनाने स्प्रे आणायचा नाही ते पण लिहिते. एकाच बाजूचं नाक सतत बंद, एकाच बाजूने रक्त किंवा घाण वासाचा स्राव, वास अजिबात जाणं, गालात कपाळात दुखणं, अशा वेळी आधी तपासून घ्या, आत पॉलिप, म्हणजे अस्तराची मऊ गाठ, किंवा आणखी काही असू शकतं. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण येत असेल तर चिंचोका, मणी असं काही घातलंय का ते बघावं लागतं. आणि रात्री खोकला, छातीत शिट्टी, जिना चढताना धाप असेल तर दम्याची तपासणी करा, नाक आणि फुप्फुस एकाच वाटेवर आहेत, दमा असलेल्या बहुतेकांना नाकाचा त्रास असतोच, आणि नाक सांभाळलं तर दमाही सांभाळायला सोपा जातो.

विकत घेताना एक्स्पायरी बघा, बाटली किती फवाऱ्यांची आहे ते बघा, कारण काही कंपन्या कमी फवाऱ्यांच्या छोट्या बाटल्या काढतात आणि स्वस्त वाटतात. औषध एकच असलं तरी कंपनी बदलली की किंमत बरीच बदलते, डॉक्टरांना विचारा दुसरी चालेल का. पावसाळ्यात गावातल्या मेडिकलमध्ये कधी कधी माल संपतो आणि घाटात रस्ता बंद झाला की येत नाही, म्हणून मे अखेरीला एक बाटली जास्तीची आणून ठेवा. गणपतीला घर उघडायला येणाऱ्या मंडळींनी डॉक्टरांना विचारून निघायच्या आधी दोन आठवडे मुंबईतच सुरू करावा, इथे येऊन शिंकायला लागल्यावर नाही. आणि पहिल्यांदा वापरताना डॉक्टरांसमोर एकदा मारून दाखवा, दोन मिनिटं लागतात.